बदकांना कोंबडीची पेटी नको

संपादक महोदय,

परसातल्या पक्षीपालनाविषयी जे काही छापून येते, त्यात बदकांच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: ‘बदकांनाही हीच व्यवस्था चालते.’ ती चालत नाही. भिंतीला टांगलेली, दांडीवरून चढून जायची, कोंबडीने अंडी घालायची पेटी बदकाच्या काही कामाची नाही. मस्कोव्ही सोडली तर बहुतेक पाळीव जाती जमिनीवरच झोपतात आणि जमिनीवरच अंडी घालतात. मग वरची पेटी रिकामी राहते, अंडी चिखलात सापडतात आणि ‘बदक फार घाण करते’ असा शिक्का बसतो. अंडे घाण होते ते जागेमुळे.

बदकाला हवी असते बूड नसलेली साधी चौकट, जमिनीवर ठेवलेली. एक फूट रुंद, दीड फूट खोल, सव्वा फूट उंच. पेकिन किंवा मस्कोव्हीसारख्या थोराड जातींसाठी रुंदी दोन-तीन इंच वाढवावी. तोंडाशी खालच्या बाजूला चार इंचांची आडवी फळी ठोकावी, म्हणजे आतला पेंढा बाहेर ओढला जात नाही. फळी याहून फार उंच केली तर मादी आत जायलाच कंटाळते. बूड नसल्याने ओल साचून राहत नाही आणि साफसफाईच्या वेळी चौकट नुसती उचलून बाजूला ठेवता येते. खाली मातीची जमीन असेल तर मात्र अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाळी अंथरावी, नाहीतर उंदीर खालून पोखरून अंड्यांपर्यंत पोहोचतात. तीन-चार माद्यांमागे एक पेटी पुरते. पेट्या पुरेशा असूनही सगळ्या जणी एकाच पेटीपुढे ताटकळतात, त्याला इलाज नाही.

पेटी खुराड्याच्या सगळ्यात अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी, पाण्याच्या भांड्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी. बदक नाकपुड्या बुडवून चोच धुते, पाणी चौफेर उडवते आणि ओल्या पायांनी तडक पेटीत शिरते. पेट्यांबाबतच्या निम्म्या तक्रारी भांडे आणि पेटी शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे होतात. रात्री पाणी बाहेर काढून ठेवायचे असेल तर खाद्यही काढावे, कारण पाण्याशिवाय कोरडे खाद्य बदकाच्या घशात अडकते.

अंथरुणासाठी तळाला दोन इंच तूस किंवा रंध्यातून निघालेला लाकडाचा जाड कीस घालावा, त्यावर तीन इंच पेंढा. पेंढा वीतभर लांबीचा कापून घ्यावा. लांब काड्या पायात गुंततात आणि मादी उठली की अंडे ओढत बाहेर येते. करवतीचा बारीक भुसा टाळावा. तो उडतो, श्वासात जातो आणि ओला झाला की त्याचा लगदा होतो. सगळ्यात वाईट म्हणजे बुरशी लागलेला पेंढा. अ‍ॅस्परजिलस बुरशीने पक्ष्यांच्या फुप्फुसांना रोग होतो आणि पिल्ले त्याला लवकर बळी पडतात. पेंढ्याला कुबट वास आला तर तो वाळवून वापरू नये, टाकूनच द्यावा. मधोमध मुठीने दाबून खळगा करावा आणि त्यात एखादे लाकडी किंवा चिनीमातीचे अंडे ठेवावे. नवख्या माद्यांना जागा कळते. माद्या साधारण पाच-सहा महिन्यांच्या झाल्यावर अंड्यावर येतात. पेट्या त्याच्या दोन-तीन आठवडे आधी मांडलेल्या असाव्यात. आयत्या वेळी मांडल्या तर त्यांनी कोपरा निवडलेला असतो आणि तो सोडवणे अवघड जाते.

बदके बहुतेक अंडी पहाटे घालतात. म्हणून आठ-नऊपर्यंत त्यांना बाहेर सोडू नये. लवकर सोडली तर अंडी गवतात आणि डबक्यात शोधत फिरावे लागते.

आता सफाई. इथे लोक पाण्याचा पाइप उचलतात, आणि तिथेच चुकतात. रोज अंडी उचलल्यावर वरचा ओला, विष्ठा लागलेला पेंढा काढून तेवढाच कोरडा घालावा. आठवड्यातून एकदा सगळे अंथरूण बदलावे, हवा दमट असेल तर दोनदा. परीक्षा सोपी आहे: मूठभर पेंढा दाबला आणि तळवा ओला झाला की बदलायची वेळ आली. वास मात्र वाकून, बदकाच्या उंचीवर घ्यावा. उभ्याने काही जाणवत नाही आणि खाली अमोनियाने डोळे चुरचुरत असतात. सफाई करताना नाकातोंडाला मास्क हवा आणि खुराड्यात वापरायची चप्पल वेगळी हवी.

चौकट धुणे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. आधी खरवडायचे, मग साबणाच्या पाण्याने घासायचे, त्यानंतर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी लावून दहा मिनिटे ओले ठेवायचे, शेवटी स्वच्छ धुऊन दिवसभर उन्हात वाळवायचे. हा क्रम मोडू नये. विष्ठा चिकटलेली असेल तर ब्लीचचा जोर तिच्यावरच संपतो. शिवाय अमोनियाने भरलेल्या ओल्या अंथरुणावर ब्लीच ओतले तर विषारी वायू तयार होतो. चुन्याची पूड पेंढ्याखाली टाकायची पद्धतही सोडावी, कारण ओल्या चुन्याने पायांची कातडी भाजते. भिंतीला चुना लावून तो पुरता वाळू द्यावा, तो चालतो. फटींत दडलेले तांबडे माइट (पक्ष्यांचे रक्त शोषणारे बारीक किडे) दिवसा दिसत नाहीत, रात्री बॅटरी घेऊन सांधे तपासावेत. पेटीत कीटकनाशक मारू नये, त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो.

मादी खुडूक होऊन बसली असेल तर यातले काहीही करू नये. अंडी उबायला 28 दिवस लागतात, मस्कोव्हीला 35. ती खायला उठेल तेवढ्यात फक्त घाण झालेला पेंढा वेचावा. तिने स्वतःच्या अंगाचा उपटून घातलेला मऊ पिसारा कचरा समजून फेकू नये.

थोडे मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे. धुवायचेच असेल तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने धुवावे आणि लवकर वापरावे. गार पाण्यात आतला भाग आक्रसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. बदकाचे अंडे अर्धवट शिजवून खाऊ नये, साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो. काढलेले अंथरूण थेट भाजीच्या वाफ्यात न घालता काही महिने खड्ड्यात कुजवून मगच वापरावे.

— एक बदकपालक