तापमान छापता, ते मोजले कसे हेही छापा

मा. संपादक महोदय,

जड आयनांच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या जड अणूंच्या) टकरींच्या बातमीला ‘सूर्याच्या गाभ्याहून हजारो पट उष्ण’ असा मथळा हमखास असतो. आकडा खरा आहे. पण तो कसा काढला, हे बातमीत कुठेच येत नाही. अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे मला ही उणीव फार खटकते.

वेगवान आयन समोरच्या अणुकेंद्रकात मिसळून गेला, की त्याची ऊर्जा सगळ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांत वाटली जाते. नील्स बोर यांनी 1936 मध्ये मांडल्याप्रमाणे हे संयुक्त केंद्रक आपण कोणत्या जोडीतून जन्मलो हे जणू विसरते. मग ते निवू लागते: न्यूट्रॉन, प्रोटॉन, अल्फा कण वाफेसारखे सुटतात, फार जड केंद्रक दुभंगतेही, आणि अखेरची ऊर्जा गॅमा किरणांवाटे जाते. पहिले कण तर सेकंदाच्या अब्जांशाच्याही अब्जांशाआधी सुटलेले असू शकतात. तिथे तापमापी लावणार कुठे? म्हणून सुटलेल्या कणांची ऊर्जा मोजतात. जास्त ऊर्जेचे कण झपाट्याने विरळ होत जातात; लॉगरिदमच्या आलेखावर ही घसरण जवळपास सरळ रेषेत उतरते आणि तिच्या उतारावरून तापमान कळते. हे तापमान एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) या ऊर्जेच्या एककात सांगतात; 1 एमईव्ही म्हणजे सुमारे 1160 कोटी केल्विन. सूर्याचा गाभा दीड कोटीचा.

जर्मनीतील डार्मश्टाट येथे सोन्याची केंद्रके सोन्यावर आदळवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे तापमान हीलियम आणि लिथियमच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या, न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या रूपांच्या) प्रमाणावरून काढले होते. दर कणामागची ऊर्जा 3 वरून 10 एमईव्हीपर्यंत चढली, तरी तापमान 5 एमईव्हीच्या आसपासच अडून राहिले. बर्फ वितळेपर्यंत पारा हलत नाही, हे वर्गात दाखवताना मुलांचे डोळे विस्फारलेले मी पाहिले आहेत. इथे तेच केंद्रकाच्या बाबतीत घडताना दिसले. अर्थात, दोनशेही कण नसलेल्या या केंद्रकरूपी थेंबाच्या फुटण्याला द्रवाचे वायूत रूपांतर म्हणावे का, यावर पुढे बराच वाद झाला, आणि वाचकाला तो वादही कळायला हवा.

मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉन या आयनांना वेग देणाऱ्या यंत्रावर, अशा तप्त केंद्रकांतून निघणाऱ्या गॅमा किरणांचा अभ्यास होत आला आहे. पुढच्या वेळी अशी बातमी देताना तो उतरत्या रेषेचा आलेख दोन स्तंभांत छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा