आमच्या मुलीच्या चित्रकलेच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीने काढलेले तिच्या आजोबांचे चित्र काल घरी आले. ते हातात घेऊन माझ्या सासूबाई बराच वेळ गप्प होत्या आणि मग एवढेच म्हणाल्या, "काढा पुढे केला की ह्यांची भुवई अशीच चढायची." आठ वर्षांच्या मुलीने काढलेल्या चेहऱ्यात घरातल्यांना आपले गेलेले माणूस ओळखू यावे, याचे श्रेय तिच्या हाताइतकेच आपल्यालाही आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्याकडे येण्यापूर्वी ती ज्या वर्गाला जात होती, तिथे चेहरा म्हणजे अंडाकृती, आनंद म्हणजे वर वळलेली रेघ आणि दुःख म्हणजे खाली वळलेली रेघ, एवढ्यावर सगळे भागवले जात असे. आजोबा गेल्यानंतर तिने एक उदास चेहरा काढला, तेव्हा "स्पर्धेला रडके चित्र चालत नाही" असे सांगून तो तिच्याकडून हसरा करून घेण्यात आला आणि उरलेले रंगकाम शिक्षकांनी स्वतःच उरकले. त्या चित्राला बक्षीसही मिळाले. ते प्रमाणपत्र मी भिंतीवर लावलेले नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात एका लहान मुलीच्या दुःखावर असा बोळा फिरवला जावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण तिच्या हाती पेन्सिलीच्या आधी आरसा दिलात. राग आला की भुवया खाली उतरून एकमेकींजवळ येतात, दुःखात त्यांची आतली टोके वर उचलली जातात आणि मनापासून हसू आले की गाल वर चढून डोळे बारीक होतात, हे सारे तिने स्वतःच्याच चेहऱ्यावर शोधून काढले. डच चित्रकार रेम्ब्राँनेही १६३० च्या सुमारास आरशात पाहून स्वतःच्या रागावलेल्या, हसऱ्या, चकित चेहऱ्यांची छोटी छोटी मुद्राचित्रे केली होती, हे आपण सांगितल्यापासून आमच्या घरच्या आरशासमोर रोज गर्दी असते. अमृता शेरगिल यांच्या १९३५ सालच्या चित्रातल्या तीन मुली आपण तिला दाखवल्यात. त्यांच्या डोळ्यांत अश्रूचा थेंब नाही, तरीही खाली झुकलेल्या नजरेतून त्यांची उदासी पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते. "रडताना अश्रू काढायलाच हवेत असे नाही," हे तिने त्या दिवशी मला समजावून सांगितले.

पण माझ्या मनात कायमचा राहिला आहे तो एक साधा क्षण. आजोबांचा चेहरा काढताना डावी भुवई तिरकी गेली आणि तिचा हात खोडरबराकडे वळला, तेव्हा आपण त्या खोडरबरावर अलगद तळहात ठेवलात आणि विचारलेत, "आजोबांची भुवई कधी अशी व्हायची का, आधी आठव बघू." ती थांबली, तिने आरशात तशी भुवई करून पाहिली आणि म्हणाली, "काढा प्यायला लागला की." रेघ तशीच राहिली. आपण तिच्या कागदाला पेन्सिल टेकवली नाहीत, चित्र "सुधारून" दिले नाहीत, आणि आजोबांचे नाव काढताना तिचा आवाज कापरा झाला तेव्हा विषयही बदलला नाहीत. मी दारात उभी राहून हे पाहत होते. घरात आम्ही मोठी माणसे तिच्यासमोर त्यांचे नाव घ्यायचे टाळत होतो. ते नाव आमच्या घरात पुन्हा मोकळेपणाने घेतले जाऊ लागले, ते त्या दिवसापासून.

लहान मुलाचे दुःख खरे मानणे आणि त्याला आवश्यक तेवढा वेळ देणे, हा सुसंस्कृतपणा कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो आणि त्याबद्दल कोणी मानधनही देत नाही. अशी माणसे आसपास आहेत म्हणून मुलांना निर्धास्तपणे घराबाहेर सोडता येते.

आता तिला आजीचे चित्र काढायचे आहे, आणि आजी "मी गंभीरच बसणार" म्हणून हटून बसल्या आहेत. पुढच्या वर्गाला दोघी सोबतच येतील. कृपया आजींनाही एक आरसा द्यावा.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई