अडकलेल्या थ्रॉटल बॉडी मोकळ्या करून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

माझ्या होंडा सिटीच्या अडकलेल्या थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, आपण मोकळ्या करून दिल्यात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लालबागच्या आपल्या दुकानात समोरासमोर आभार मानू लागलो की आपण विषय बदलून चहा सांगता, म्हणून ते लेखी मानतो. आणि जाहीरपणे अशासाठी, की आपण ज्या क्रमाने दोष शोधलात तो क्रम मुंबईत अशा गाड्या हौसेने बाळगणाऱ्या इतरांनाही कळावा.

त्यांच्यासाठी गाडीविषयी थोडेसे सांगतो. दीड लिटरचे व्हीटेक इंजिन असलेली ही सिटी मुळात १०६ अश्वशक्तीची आणि एकाच थ्रॉटल बॉडीची. आधीच्या मालकांनी ती काढून एक लिटरच्या जपानी मोटारसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी बसवून घेतल्या. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-मिटणारी गोल पात) मिळाल्यामुळे पाय हलताच इंजिन प्रतिसाद देते, पण चार शाफ्ट, त्यांना जोडणारे छोटे लिव्हर, स्प्रिंगा आणि स्क्रू असा सगळा संसार एका केबलवर चालतो. त्यातला एक शाफ्ट जड झाला की बाकीचे तिघेही अडून बसतात.

पावसाळाभर गाडी उभी होती. त्यानंतर पेडल आधी घट्ट लागायचे, मग एकदम सुटायचे, आणि पाय काढला तरी रेस, म्हणजे इंजिनाचे फेरे, खाली यायला वेळ लागायचा. आपल्याकडे येण्यापूर्वी एका गॅरेजने केबल बदलली, दुसऱ्याने मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतून) हवा गळते असे सांगून गॅस्केट बदलले. दोन्ही तर्क अगदीच निराधार नव्हते, कारण रेस न उतरण्याचे कारण यांपैकी काहीही असू शकते. मात्र त्यांतला फरक कसा ओळखायचा, हे मला प्रथम आपण दाखवलेत: रेस वर अडकलेली असताना थ्रॉटलचा लिव्हर स्टॉप-स्क्रूला (मिटताना तो जिथे थांबतो त्या स्क्रूला) टेकलेला असेल तर जास्तीची हवा दुसरीकडून येते आहे, आणि टेकलेला नसेल तर बटरफ्लायच पुरता मिटलेला नाही. आमचा लिव्हर टेकलेला नव्हता.

मग इंजिन बंद करून आपण केबलचे टोक थ्रॉटलच्या चक्रीवरून सोडवलेत आणि मला पेडल दाबायला सांगितलेत. पेडल व केबल हलकी चालली, म्हणजे त्या दोघी निर्दोष ठरल्या. त्यानंतर मधले दुवे सैल करून एकेक शाफ्ट बोटांनी फिरवून पाहिलात. दुसरा आणि तिसरा मोकळा निघाला, चौथा जवळपास घट्ट बसलेला होता, आणि पहिला अर्ध्या वाटेत कुरकुरत होता. इथे कोणीही चारही बॉडी काढून क्लीनरमध्ये बुडवल्या असत्या. आपण फक्त पहिल्या बॉडीचे नट सैल केलेत आणि तोच शाफ्ट विनातक्रार फिरू लागला. म्हणजे पहिल्या बॉडीत घाण नव्हतीच; बॉडी इंजिनाला जोडणारी खालची अडॅप्टर प्लेट वाकडी असल्यामुळे नट आवळले की ॲल्युमिनियमची बॉडी पिळली जात होती आणि शाफ्ट आपल्या बेअरिंगांत आवळला जात होता. एकाच तक्रारीमागे दोन वेगवेगळी कारणे होती, आणि नुसती सफाई केली असती तर त्यातले एक तसेच राहिले असते. या एका गोष्टीसाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे.

चौथ्या बॉडीबाबत आपण दाखवलेला संयम तर मी विसरणार नाही. बटरफ्लायवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठोकण्याची सूचना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी केली, तेव्हा आपण त्यांच्याकडे केवळ पाहिलेत. त्या पितळी पातीची कड तिरकी घासलेली असते. तिला खोच पडली की ती पुन्हा नीट मिटत नाही, आणि मग आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचे संथ चालणे, आयुष्यभर छळते. आपण आधी थ्रॉटल किती उघडला हे सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर उतरवून ठेवलात, कारण क्लीनर त्याच्या आत शिरला तर तो निकामी होतो. मग शाफ्टच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल सोडून बॉडी रात्रभर तशीच ठेवलीत, दुसऱ्या दिवशी हॉट एअर गनने बेताची ऊब दिलीत आणि शाफ्ट पुढे-मागे केसभर हलवत हलवत सोडवलात. पातीचे बारीक स्क्रू मागच्या बाजूने ठेचून पक्के केलेले असतात. ते टोक घासल्याशिवाय फिरवले तर तुटतात. आपण ते घासून काढलेत, पात कोणत्या बाजूने बसते याची खूण केलीत, आणि जोडताना नवे स्क्रू लॉकिंगचे औषध लावून बसवलेत, कारण तिथला सुटा स्क्रू थेट सिलिंडरमध्ये ओढला जातो.

शाफ्ट बाहेर आल्यावर कारणही दिसले. इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी, नळी थ्रॉटल बॉडींना हवा पुरवणाऱ्या एअरबॉक्समध्ये सोडलेली होती. तिच्यातून येणारी तेलाची वाफ शेवटच्या बॉडीवर बसून डिंकासारखी चिकट झाली होती, आणि त्याखाली ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरावी तशी गंजाची पूड होती. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे होणारच, असे आपण म्हणालात. ब्रीदरला आता तेल अडवणारा डबा लावला आहे. अडॅप्टर प्लेट आपण काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलीत आणि प्रत्येक नट थोडा-थोडा आवळत दर वेळी शाफ्ट फिरवून पाहिलात.

स्टॉप-स्क्रूबद्दलही सांगायला हवे. कोणीतरी आयडलिंग कमी करण्यासाठी तो इतका मागे घेतला होता की मिटताना पात भोकात रुतत होती. आपण स्क्रू पुढे घेऊन पात भिंतीपासून अगदी नावाला दूर राहील असे केलेत, मग चार व्हॅक्यूम गेज लावून चारही बॉडींतला हवेचा ओढा आधी आयडलिंगला आणि नंतर अडीच हजार आरपीएमला सारखा केलात, आणि सेन्सर पुन्हा बसवून मिटलेल्या थ्रॉटलची खूण ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) नव्याने दिलीत.

पैशांबाबत आपल्याशी माझे अजूनही पटलेले नाही. बिलात आपण दुसरी रिटर्न स्प्रिंग धरलीच नाहीत. ती मात्र गाडी न्यायच्या आधी आपण हट्टाने लावलीत, कारण एक स्प्रिंग तुटली तरी थ्रॉटल मिटला पाहिजे. रस्त्यात रेस अडकलीच तर क्लच दाबून ब्रेक लावायचा, गिअर काढायचा आणि चावी एकच घर मागे घ्यायची, पूर्ण काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल, हेही आपण मला दोनदा म्हणवून घेतलेत. आता चालवण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबून सोडतो आणि लिव्हर स्टॉपला टेकल्याचा आवाज ऐकतो. स्प्रिंगचे पैसे आपल्या मुलाकडे दिले आहेत, कृपया परत पाठवू नयेत. दिवाळीनंतर चारही बॉडींचा बॅलन्स पुन्हा तपासायला गाडी घेऊन येईन.

आपला ऋणी,
एक गाडीमालक, मुंबई