सिस्टरला झोप लागत नाही

मा. संपादक,

रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की मॉनिटरचा सूरही खाली येतो. पाठमोऱ्या उभ्या असलो तरी आम्हा सिस्टर्सना कानानेच अंदाज येतो, आता नव्वदच्या खाली गेला. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या कोविड आयसीयूत असे सूर एकाच वेळी चार-चार बेडवरून उतरायचे. आधी कुठे धावायचं, हे पीपीई किटच्या आत घामाने निथळत ठरवायचं.

आता घरी फ्रिजचं दार नीट लागलं नाही की तो वाजतो. मी पहाटे तीनला ताडकन उठून बसते आणि पाय चपला शोधू लागतात. सासूबाई म्हणतात, अगं फ्रिज आहे तो. मलाही कळतं. पण पुन्हा डोळा लागत नाही.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. टाळ्या-थाळ्या तर त्याच्या कितीतरी आधी थांबल्या होत्या. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र 'तुला काय चालतं, पाव की अर्धी?' हा झोपेच्या गोळीबद्दलचा प्रश्न चहा विचारावा तितक्या सहज विचारला जातो. जुनाट निद्रानाशावर आधी झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचे उपचार करावेत, गोळी नंतर, हे आम्ही जाणतो. पण त्यासाठी काही आठवडे ठरावीक वेळी झोपावं-उठावं लागतं. आठवडाभर रात्री आठ ते सकाळी आठ आणि मग लगेच सकाळपाळी, असं वेळापत्रक असताना ते जमवायचं कसं?

मानसिक त्रासासाठी फोनवर सल्ला देणारी सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, १४४१६ वर चोवीस तास, मोफत. चांगलीच आहे, पण ती माझी पाळी बदलू शकत नाही. आणि आपल्याच रुग्णालयात मानसोपचाराचा केसपेपर काढला, तर संध्याकाळपर्यंत मावशींपासून मेट्रनपर्यंत सगळ्यांना खबर. म्हणून कोणी तिकडे फिरकत नाही.

मागणी साधीच आहे. रात्रपाळ्या संपल्यावरची सुटी 'स्टाफ कमी आहे' म्हणून कापू नये, रिक्त पदं भरावीत आणि कर्मचाऱ्यांच्या समुपदेशनाची सोय रुग्णालयाबाहेर असावी.

कृपया माझं नाव छापू नये. सोमवारपासून पुन्हा नाईट आहे, आणि इन्चार्ज सिस्टर आपला पेपर वाचतात.

– एक अधिपरिचारिका, पश्चिम महाराष्ट्र