नदीकाठचे वीर गुडघ्यापर्यंत सिमेंटमध्ये

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका. गेली सहा-सात वर्षं, दिवाळी उलटली की अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळची कसारा लोकल पकडायची, खडवलीला उतरायचं आणि भातसा नदीच्या काठाने वरच्या अंगाला चालत सुटायचं, असा माझा नेम आहे. पावसाळ्यात तिथे सहलींची झुंबड असते, तेव्हा मी फिरकत नाही. पण भात कापून झालं आणि ओल धरलेल्या शेतांत वाल पेरले गेले, की तो काठ निवांत होतो. करंजाच्या फांदीवर खंड्या टपून बसलेला असतो. काळ्या खडकावर धुणं आपटल्याचा आवाज वळणापलीकडून येतो. धरणातून सोडलेलं पाणी याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून मुंबई-ठाण्याला येतं, म्हणून भर उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते. आपण रोज पितो ते पाणी ज्या वाटेने येतं, तिचा शेजार माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

या वाटेवर एका गावाच्या वेशीला, उंबराखाली तीन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड आहेत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे दगड चोरीलाही जातात. तिन्हींतला मधला माझ्या छातीइतका उंच. वर कळस, त्याखाली चंद्र-सूर्य. सर्वांत वरच्या चौकटीत वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेताहेत, आणि खालच्या चौकटीत लढाई. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. भर दुपारी हा दगड सपाट, मुका दिसतो. सकाळचं ऊन तिरकं पडलं की मात्र एकेक आकृती उठून येते. अशाच एका सकाळी मला खालच्या चौकटीच्या कोपऱ्यात शिंगांची एक ओळ दिसली. पाच जनावरं, एकामागे एक. म्हणजे हा माणूस कुठल्या राजासाठी नव्हे, तर गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडला होता. माझ्या बोटाच्या पेराएवढी ती शिंगं. मी कितीतरी वेळ तिथेच बसून होते.

यंदा गेले तेव्हा तिथे नदीकाठाचं सुशोभीकरण झालेलं होतं. पेव्हर ब्लॉक, दोन बाकं, रंगीत कठडा. तिन्ही वीरगळ मूळ जागेवरून उपटून एका ओट्यावर ओळीने सिमेंटमध्ये रोवलेले, आणि वरून चंदेरी ऑइलपेंट. ओटा इतका जाड की खालची चौकट अर्ध्याहून अधिक आत गेली आहे. अप्सरा दिसतात, शिवलिंग दिसतं, पण तो माणूस कशासाठी मेला ते सांगणारी शिंगं आता सिमेंटमध्ये आहेत. काम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला मान्य आहे. त्यांना ते नुसते जुने देव वाटले. पण तासलेल्या दगडाला चिकटलेलं सिमेंट पुढे काढायला गेलं की नक्षीचे टवकेही त्याच्याबरोबर निघतात. आणि रंग खरवडायला कुणी तारेचा ब्रश घेतला तर उरलंसुरलंही जाईल.

ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याची राजधानी, श्रीस्थानक. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. भिवंडी तालुक्यात चौधरपाड्याला सापडलेला केशिदेव या शिलाहार राजाचा शिलालेख शके ११६१ चा. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या युद्धनौकांच्या रांगा कोरल्या आहेत. पण ताम्रपट आणि शिलालेख राजांची नावं सांगतात, दानं सांगतात. गुरं राखताना मेलेल्या माणसाची नोंद फक्त अशा दगडावर असते, आणि तीही बहुतेक वेळा नावाशिवाय.

पूर्वी मला वाटायचं, हे दगड सरळ वस्तुसंग्रहालयात न्यावेत. तसं एकदा पाण्याची कळशी घेऊन निघालेल्या एका आजींजवळ बोलूनही गेले. त्या म्हणाल्या, “नको बाय, तो आमचा राखणदार हाय. लग्नाचा पयला नारल त्याचा.” त्यांचंच बरोबर होतं. तो वेशीवर पडला म्हणून दगड वेशीवर उभा केला गेला. तिथून हलवला की त्याची अर्धी गोष्ट गेली. गावाने शेंदूर लावावा, नारळ फोडावा, त्याला माझी हरकत नाही. त्या श्रद्धेमुळेच तर हे दगड इतकी शतकं टिकले.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक गावातले वीरगळ, सतीशिळा, गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड) यांची फोटोसकट, जागेसकट नोंद करा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प कायद्याने पुरावस्तू ठरतं, १९७२ चा तसा कायदाच आहे. मग रस्ता, घाट किंवा ओट्याच्या कामाला मंजुरी देताना त्या जागेवर असा दगड आहे का, एवढा एक प्रश्न अंदाजपत्रकाच्या आधी का विचारला जाऊ नये? ठेकेदाराला दोष देऊन भागणार नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ग्रामसभेत एकदा जाणकार माणसाने उभं राहून दगड खालून वर वाचून दाखवला, तर पुढची राखण गावच करील. आणि या तीन वीरगळांचा ओटा फोडायचा असेल तर तो जाणकारांच्या देखरेखीखालीच, छिन्नीने, हळूहळू फोडावा. घाईने मुळीच नको.

रंग लागण्यापूर्वी, तीन वर्षांमागे, मी मोबाइलवर काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. त्यांत खालची चौकट पूर्ण दिसते, पाचही जनावरांसह. सोबत ते आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. गावाचं नाव त्यांच्या मागे लिहिलं आहे. ते छापू नये, पण संबंधित अधिकाऱ्यांनी मागितलं तर जरूर द्यावं.

आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे