डिंकातल्या साखरेचं नाव

परभणी

प्रिय दत्ता,

तुझ्या लेकीचा प्रश्न पोचला. अरॅबिनोज या साखरेचा अरबस्तानाशी संबंध काय? आहे, पण दुरूनचा. आफ्रिकेतल्या, विशेषतः सुदानकडच्या बाभळीच्या जातभाईचा डिंक अरब व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात जायचा, म्हणून तिकडं तो अरबी डिंक झाला. त्यातली साखर ती अरॅबिनोज. शेवटचं ‘ओज’ ही साखरेची खूण. ग्लुकोज हे नाव 1838 सालचं, पुढं बाकीच्या साखरांनाही तेच शेपूट लागलं.

आपल्या बांधावरच्या बाभळीच्या डिंकातही ही साखर असतेच. उन्हाळ्यात खोडाला कुऱ्हाडीचा घाव बसला की काही दिवसांत तिथं तांबूस गाठ धरते. वरून कडक, दाबली तर आत चिकट. चाटून बघ, गोड लागणार नाही. साखरेचे रेणू एकमेकांत गुंतून त्यांचं जाळं झालेलं असतं, जिभेला पत्ता लागत नाही. पातळ आम्लात उकळला की जाळं तुटतं, अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज सुटे होतात. (बाळंतिणीच्या लाडवात गोडी गुळाची. डिंक तुपात फुलतो, कुरकुरतो आणि मान खातो.)

खरी गंमत पुढं आहे. या साखरेत कार्बन पाचच आहेत, हे 1887 साली किलियानी या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं. 1891 साली एमिल फिशर आणि पिलोटी यांनी तिच्यापासून नवी साखर बनवली. अणू तेच, तेवढेच, फक्त दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) उलट्या बाजूला. नावही तसंच घडवलं. अरॅबिनोजच्या इंग्रजी स्पेलिंगमधले दोन ‘ए’ आणि एक ‘एन’ काढ, उरलेल्यातल्या ‘बी’ आणि ‘आय’ची अदलाबदल कर. झालं रायबोज! मला तर हे बारसं जाम आवडलं.

तोवर ही साखर निसर्गात कुणी पाहिली नव्हती. 1909 साली लेव्हीन आणि जेकब्ज या शास्त्रज्ञांना ती पेशींतल्या न्यूक्लिक आम्लात सापडली. आरएनए म्हणजे रायबोन्यूक्लिक आम्ल, त्यातला ‘आर’ तो हाच. डीएनएच्या साखरेत एक ऑक्सिजन कमी, पण डीऑक्सिरायबोज या लांबलचक नावात रायबोज आहेच.

लेकीला म्हणावं, अरॅबिनोज आणि रायबोज, दोन्ही साखरांच्या आकृत्या शेजारी काढ आणि दुसऱ्या कार्बनकडं नीट बघ. काकूंचे गुडघे कसे आहेत? लाडू करणार असाल तर आधी कळव, गावाकडच्या डिंकाचा वानवळा पाठवतो.

तुझा,
माधव