धूर कधी येतो, हे आधी विचारणाऱ्या मेस्तांना

आदरणीय मेस्त,

सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहिते आहे, कारण तुमच्या गॅरेजला पाटी नाही आणि स्वतःच्या कामाचा डंका तुम्ही पिटणार नाही. शिवाय साखळी, डिचोली, वाळपईकडे जुन्या गाड्या जपून चालवणारी आमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. उद्या त्यांच्या सायलेन्सरमधून निळा धूर आला, तर इंजिन खोलायला देण्याआधी त्यांच्या नजरेखालून हे जावं.

आमची पेट्रोल गाडी वयाने बरीच मोठी. आईला तपासणीसाठी बेळगावला न्यावं लागतं, म्हणजे चोर्ला घाट चुकत नाही. चवथीच्या सुमाराला ऑइल कमी व्हायला लागलं. खाली जमिनीवर एक थेंब नाही, पण डिपस्टिकवरची पातळी उतरलेली. सकाळी चावी फिरवली की मागून निळसर भपका, जळक्या ऑइलचा उग्र वास, आणि थोड्या वेळात सगळं साफ. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, त्यात काहीच निघालं नाही. मग बोनेट लावता लावता निकाल दिला: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन काम करावं लागेल. आकडा ऐकून आई म्हणाली, मी एसटीने जाईन.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही बोनेटला हातही लावला नाही. विचारलंत, "धुंवर चडटना येता काय देंवल्या उपरांत?" धूर चढताना येतो की उतरल्यावर?

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. उत्तर मात्र माझ्याकडे होतं. बेळगावला जाताना चढावर गाडी जोर लावते तेव्हा आरसा स्वच्छ असायचा. परतीला घाट गिअरवर सोडत उतरायचं, आणि खाली केरीच्या सपाटीला पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागच्या दुचाकीवाल्याने नाकाला रुमाल लावलाच म्हणून समजा.

तुम्ही मान हलवलीत आणि कारण समजावून सांगितलंत. ते इथे लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. उतारावर पाय सुटलेला असतो, थ्रॉटल बंद, पण चाकं इंजिनाला फिरवतच असतात. अशा वेळी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, जोरदार ओढ तयार होते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालेलं असेल, तर हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल त्या फटीतून खाली ओढलं जातं आणि साठतं. पुन्हा पेट्रोल दिलं की ते साठलेलं एकदम जळतं. रात्रभर उभ्या गाडीतही ऑइल तसंच थेंबथेंब उतरतं, म्हणून सकाळचा पहिला भपका. रिंगा झिजल्या असत्या, तर चढावर, भार असताना धुराची रेघ सतत मागे राहिली असती. रंग दोन्हीकडे निळाच. फरक वेळेचा.

तरीही तुम्ही तेवढ्यावर विसंबला नाहीत. "गाडी हांगाच दवर. फाल्यां सकाळीं पळोवया." गाडी इथेच ठेव, उद्या सकाळी बघू. रात्रभर गार झालेलं इंजिन तुम्ही स्वतः सुरू करून पाहिलंत. मग प्लग काढून एका ओळीत मांडलेत. चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक आणि फोड आलेलं म्हणजे गरमी जास्त, आणि ओला काळा चिकटा म्हणजे ऑइल. आमच्या दोन प्लगांना तो चिकटा होता. मग कॉम्प्रेशन गेज. चारही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा आणि चांगला. तरी प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलंत. रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइलने फट बुजते आणि दाब चढतो. काटा फारसा हलला नाही. त्या वेळी तुम्ही पहिल्यांदा हसलात.

हेड न उतरवता सील बदलताना मी बाजूला उभी होते. प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरून ठेवायची, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह खाली पडत नाही. जुनं सील तुम्ही माझ्या हातात दिलंत. रबर कसलं, वाळलेली सुपारी. दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाइडमध्ये खेळ नाही, हेही तो बोटाने हलवून दाखवलंत, कारण गाइड झिजलं असेल तर नवं सील टिकत नाही आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. खर्च हात लावण्याआधी सांगितलात, आणि शेवटी तेवढाच घेतलात. आधी ऐकलेल्या आकड्यापुढे तो किरकोळ होता.

स्कॅनरला दोष देण्यात अर्थ नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. सीलमधून ऑइल उतरतंय हे सांगणारा सेन्सरच गाडीत नसतो, तर स्क्रीनवर येणार काय? आमचं पीयूसीही आरामात मिळालं होतं. पेट्रोल गाडी गरम, आयडलवर असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. आमचा भपका तोपर्यंत घरच्या अंगणात विरलेला.

तुमच्या बाकावर बसून मी जे इतर गाड्यांबद्दल ऐकलं, त्याचेही आभार मानायला हवेत. पांढऱ्या धुराचं तर विशेष. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून वाफ दिसली की शेजारीपाजारी सल्ला द्यायला येतात. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. थंड नळीत ते वाफ होऊन दिसतं, टोकाला थेंबही गळतात, आणि नळी तापली की संपतं. त्यात काळजीचं काही नाही. काळजी तेव्हा, जेव्हा इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास असतो. तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. त्या दिवशी फोंड्याहून आलेल्या गाडीत तेच होतं. टाकीत कूलंट कमी, इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे, आणि ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ चिकटा. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचा सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेलेली. मालक म्हणत होते, पाणी टाकत टाकत पणजीला जाऊन येतो. तुम्ही चावीच काढून खिशात टाकलीत. कूलंट गोड असतं म्हणून सांडलेलं कुत्री चाटतात आणि मरतात, हेही तेव्हाच कळलं. आमचा टिपू तेव्हापासून गाडीखाली बसला की मी पोटात गोळा येऊन वाकून बघते.

डिझेल गाडीचा पांढरा धूर वेगळा, डोळ्यांना झोंबणारा. ते न जळलेलं डिझेल. काळ्या धुराला तर तुम्ही फारसा मान देत नाही. माझ्या मेव्हण्याची पिकअप चढावर काळा धूर ओकायची आणि ओढही गेली होती. इंजेक्टर बदलायला तो तयार होऊन आला होता. तुम्ही एअर फिल्टर काढून उजेडात धरलात, मग टर्बोच्या होज पाइपवरून हात फिरवलात. क्लिपजवळ पाइप चिरलेला. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काजळी.

सडक्या अंड्याच्या वासाबद्दल मी विचारलं, कारण बहिणीच्या गाडीला तो येतो. इंधनातल्या गंधकाचा तो वास. पेट्रोल जास्त जात असेल किंवा धूर शुद्ध करणारा नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला असेल तर मागे येतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमवर आलं, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं, त्यामुळे आता हा वास येत असेल तर दुर्लक्ष करू नये, असं तुमचं म्हणणं. तिच्या गाडीची नळी कन्व्हर्टरपाशी निळी-सोनेरी पडलेली आहे, हे सांगितल्यावर मात्र तुमचा चेहरा बदलला. गाडी मिसिंग करते का, विचारलंत. करते. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो लालबुंद होतो आणि खाली वाळलेलं गवत असेल तर आगही लागू शकते.

एक गोष्ट तुम्ही प्रत्येकाला बजावता, ती इथेही असू दे. वास घ्यायचा तो उघड्यावर, दोन हात लांबून, शटर पूर्ण वर करून. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, तिथे नाक काही कामाचं नाही.

आईची पुढची तपासणी झाली. परतताना केरीला मी मुद्दाम आरशात बघत अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागचा स्कूटरवाला आपल्याच तंद्रीत होता. ऑइलची पातळी आहे तिथेच आहे.

बहिणीला तुमच्याकडे पाठवते आहे. गाडी रात्रभर ठेवावी लागेल, आणि येताना वाटेत कुठे गवतात उभी करू नकोस, हे तिला सांगून ठेवलं आहे. आईने तुमच्यासाठी सोलं वाळवली आहेत, ती तिच्याकडेच देते.

आपली,
साखळीची एक शिक्षिका